मानेवरचा हात

पोहायला मी शिकले ती मार खाऊन, आणि पुढे तीस वर्षं इतरांना शिकवलं तेही जवळजवळ तसंच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी लपवलं.

आम्ही नारायण पेठेत राहायचो. वडिलांच्या ओळखीच्या एकांची धायरीला शेती होती. तेव्हा धायरी म्हणजे खेडंच, आणि शेतात दगडी पायऱ्यांची खोल विहीर. मे महिन्यात वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथे न्यायचे. इतर पोरांच्या पाठीला त्यांचे बाप वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचे. माझ्या वडिलांना तो भित्रेपणा वाटायचा. त्यांनी मला उचललं आणि सरळ फेकलं. गटांगळ्या खात मी पायरी पकडली की वरून बोटांवर ओली दोरी बसायची. "सोड. हात मार." शेताची मालकीण काठावर उभी राहून म्हणाली, "अवं, पोर मरंल की. काळीज हाय का न्हाई?" वडील म्हणाले, "मरत नाही." चौथ्या दिवशी मी पोहायला लागले. बोटं पंधरा दिवस सुजलेली होती. पण मी मेले नाही, म्हणजे वडिलांचंच खरं ठरलं. आमच्या घरात खरं ठरण्याची रीत ही अशी होती.

पुढे मी शहरातल्या एका तलावावर बायकांच्या आणि मुलींच्या बॅचला शिकवायला लागले. माझी पद्धत साधी होती. पाण्याला घाबरणारी पोरगी डोकं बुडवत नाही, आणि डोकं बुडवल्याशिवाय पोहणं येत नाही. मग आपण बुडवायचं. डावा हात पोटाखाली, उजवा मानेवर, "श्वास धर" म्हणायचं आणि डोकं खाली दाबून वीसपर्यंत मोजायचं. पोरगी लाथा झाडायची, नाकातोंडात पाणी जायचं, वर आली की भोकाड पसरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्यात भीती जायची. आया स्वतःहून सांगत यायच्या, "बाई, तुमच्याकडेच घालायचं आहे हिला. जरा रगडा." एकदा एका बापाने तक्रार केली तेव्हा मी म्हटलं, "मग घरी बादलीत शिकवा." तो गेला आणि पुढच्या सोमवारी पोरीला घेऊन परत आला. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

माझी स्वतःची मुलगी नऊ वर्षांची असताना मी तिला पाण्यात उतरवलं. चाळीस पोरी रांगेत उभ्या, आणि बाईंचीच पोरगी डोकं घालायला तयार नाही. रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. मी तिची मान धरली आणि खाली दाबली. तिने माझ्या दंडावर नखं रोवली, रक्त काढलं. वीस आकडे झाले तेव्हा सोडायला हवं होतं. त्या ओरखड्याचा राग म्हणून मी तीसपर्यंत मोजलं.

वर काढलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ती काठावर ओकली. रडली नाही, माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यानंतर एकवीस वर्षं ती पाण्यात उतरली नाही. आम्ही दोघी एकाच घरात राहिलो, भांडलो, तिचं लग्न झालं, तिचे वडील गेले, पण त्या दिवसाबद्दल दोघींपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. दंडावरचा व्रण मात्र आहे.

तिची मुलगी सात वर्षांची झाली आणि एका रविवारी जेवताना म्हणाली, "मला पोहायला शिकायचंय. आजी शिकवेल." मी तोवर निवृत्त झाले होते, गुडघे बोलायला लागले होते, आणि खरं सांगायचं तर त्या एकाच गोष्टीची वाट बघत होते. नातीला मीच शिकवणार, हे मी मनात कधीचं ठरवून ठेवलं होतं.

"आजी नाही," मुलगी म्हणाली. "दुसरं कुणीही."

"अख्ख्या पुण्यातल्या पोरी माझ्याकडे शिकल्या," मी म्हटलं, "आणि माझी नात परक्याकडे जाणार?"

"अख्ख्या पुण्यातल्या पोरींना तासाभराने आपापल्या घरी जाता यायचं."

आमटी वाढत वाढत बोलली, आवाज न चढवता. पुण्यात वाढली आहे, ओरडायची गरज पडत नाही. मला ते लागलं. दोन महिने मी तिच्याकडे गेले नाही.

मग दिवाळीच्या आधी तिनेच फोन केला. ते सगळे मालवणला निघाले होते, मीही यावं म्हणाली. तिथे समुद्रातल्या किल्ल्याजवळ पाठीला सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरवतात, पोहता येत नसलं तरी चालतं. "मी तुझ्याबरोबर खाली येणार आहे," ती म्हणाली. "मला एकवीस वर्षं भीती वाटते ती पाण्याची की तुझी, हे एकदा बघायचंय. पाण्याची निघाली तर पोरगी तुझ्या हवाली."

"आणि माझी निघाली तर?"

"तर हा विषय परत काढायचा नाही."

मी हो म्हटलं. मला वाटलं, जिंकलेच. पाण्यात मला कोण हरवणार.

जावई आणि नात किनाऱ्यावर थांबले, आम्ही दोघी होडीत बसलो. समोर किल्ला होता. लहान बेट, आणि त्याच्या कडेकडेने काळा तट थेट पाण्यातून वर आलेला. लाटा त्या दगडांवर आदळत होत्या, इतक्या जोरात की होडीच्या फळीला बसलेला हादरा पाठीच्या कण्यात यायचा. मला बरं वाटलं. मारणारा समुद्र माझ्या ओळखीचा होता.

आम्हाला उतरवणारा माणूस चाळिशीचा, अंगाने काटक, घरची मासेमारी असलेला. दुसरा त्याचा भाऊ. एकेकजण आमच्या पाठीमागून सिलिंडर धरून राहणार होता. त्याने होडीतच सगळं समजावलं. रबरी नळी दातात धरायची, तोंडाने श्वास घ्यायचा, तोंडानेच सोडायचा. कान दुखले की नाक दाबून फुंकायचं. "आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. श्वास कधीही रोखायचा नाही. कधीच नाही."

मग आम्हाला होडीची शिडी धरून नुसतं डोकं पाण्याखाली घालायला लावलं. मी घातलं. दोन क्षणांत त्याने मला वर खेचलं. "काकी, तुम्ही श्वास धरताय. पोहणारी माणसं हेच करतात, खोड असते. खाली हवा दाबून भरलेली असते. तोंड मिटून वर निघालात तर ती हवा छातीत फुगते. फुप्फुस फाटतं."

तीस वर्षं मी ज्याच्या जोरावर पोरी घडवल्या, ते इथे जिवावर बेतणारं होतं. मी हसण्यावारी नेलं. "आणि कुणी धरलाच श्वास तर काय करता?"

"पोटात गुद्दा घालतो," तो म्हणाला. "हवा बाहेर आली पाहिजे. नंतर रडा हवं तेवढं."

"म्हणजे आमच्यासारखंच की," मी म्हटलं. तो हसला. मुलगी हसली नाही. ती मास्कचा पट्टा लावायचा प्रयत्न करत होती आणि तो तिच्या बोटांतून सारखा निसटत होता. मला कुणाची चाचपड बघवत नाही. "दे इकडे," म्हणून मी मास्क हिसकावला, तिच्या तोंडावर बसवला आणि पट्टा खचकन ओढला. तिच्या केसांची एक बट मास्कच्या रबराखाली राहिली. माझ्या लक्षात आलं नाही. एवढी घाई कशाची होती, देव जाणे.

खाली उतरलो. पंचवीसएक फूट असेल. मी नळीतून श्वास घेत होते, सोडत होते, घेत होते, आणि दर वेळी छाती म्हणत होती, धर, धर. वरती लाटा आपटत असल्या तरी खाली नुसतं ढकलणं आणि ओढणं चाललं होतं. बेटाचे खडक जिथे तळाला जातात तिथे पाणी आम्हाला दगडाकडे लोटायचं आणि मागे खेचायचं. एकदा माझा गुडघा कालवं चिकटलेल्या खडकावर घासला आणि फाटला. त्या खोलीवरच्या उजेडात रक्त हिरवट दिसलं. मासे आले, पट्ट्यापट्ट्यांचे, माझ्या हाताला टोचून गेले. मुलगी माझ्यापासून चार हातांवर होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तिने बोटांनी ठीक असल्याची खूण केली. तिच्या तोंडातून बुडबुडे छान एकामागून एक वर जात होते. मनात म्हटलं, बघ, पाण्याचीच होती.

आणि तेवढ्यात तिच्या मास्कमध्ये पाणी चढायला लागलं. ती बट राहिली होती ना, तिथूनच. आधी थोडं, मग डोळ्यांपर्यंत. तिने मास्क दाबला, तसं आणखी शिरलं. मी तिचे डोळे पाण्यामागे मोठे होताना बघितले. ते डोळे मी आधी एकदा बघितले होते.

तिच्या मागच्या माणसाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिच्या मानेजवळ लागला. बस्स. तिने कोपर मागे असं हाणलं की त्याचा मास्क उडाला. त्याला काही दिसेना, हात सुटला. तिने एक लाथ त्याच्या छातीत घातली आणि ती वर निघाली. दात नळीवर आवळलेले, गाल फुगलेले, आणि तोंडातून एकही बुडबुडा नाही.

मी काय विचार केला ते सांगता येणार नाही, कारण केलाच नाही. माझ्या मागच्या माणसाच्या हाताला हिसडा देऊन मी सुटले. तोंडात नळी असतानाच मी ओरडत होते, तिचं नाव, शिव्या, काय वाटेल ते, आणि त्यामुळे माझी हवा बाहेर जात राहिली. नाहीतर मीही तोंड मिटून गेले असते, माझी खात्री आहे. मी तिचा घोटा पकडला. तिने तोंडावर लाथ घातली. जबड्यात कळ गेली, ओठ फुटला. मी तिच्या कमरेला मिठी घातली, तिला फिरवलं. वर उजेड जवळ येत होता. तिने माझ्या दंडात नखं रोवली, जुन्या व्रणाच्या जवळच. मी मूठ आवळली आणि तिच्या पोटात घातली. पाण्यात हात हलका पडतो. तिने तोंड उघडलं नाही. मी पाय तिच्या पायांत अडकवले आणि दुसरी घातली, बरगडीच्या खाली, सगळा जीव लावून. तिच्या तोंडातली नळी उडाली आणि एवढे बुडबुडे निघाले की मला तिचा चेहरा दिसेना. आणि मग आम्ही वर होतो, आणि लाट आमच्या डोक्यावर आपटली.

दोघांनी आम्हाला ओढून होडीत घेतलं. ती फळीवर पालथी पडून ओकली. नाकातून रक्त येत होतं. तिच्या मागे राहिलेल्या माणसाने तिच्या पाठीला कान लावला, बोलतं केलं, नाव विचारलं, बोटं हलवायला लावली. तिने सगळं केलं. माझा जीव भांड्यात पडला. त्याचा स्वतःचा ओठ तिच्या कोपराने फाटला होता, तरी तो म्हणाला, "काकी, तुम्ही गुद्दा घातलात म्हणून वाचली हो ही."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "माझ्या हाताला सवय आहे."

अभिमानाने म्हटलं. तोंडात रक्त असताना. वडील विहिरीच्या काठावर ज्या आवाजात "मरत नाही" म्हणाले होते, त्याच आवाजात.

ती उठून बसली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. ओल्या हाताने, पूर्ण ताकदीने. फुटलेला ओठ आणखी फाटला. होडीतली माणसं दुसरीकडे बघायला लागली. मला आयुष्यात वडिलांखेरीज कुणी मारलं नव्हतं. किनारा येईपर्यंत मी गाल धरून बसले.

गावातल्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली, एक्स-रे काढायला लावला. काही झालं नव्हतं. दोन दिवस नीट विश्रांती घ्या म्हणाले. संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या ओसरीवर ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिने सदरा जरा वर करून दाखवला. पोटावर माझ्या मुठीएवढा काळानिळा डाग होता.

"आता हे तू जन्मभर सांगत फिरशील," ती म्हणाली. "मारलं म्हणून वाचली."

तिने सदरा खाली केला.

"श्वास मी का धरला, ते विचार."

मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

"त्याने वर दहा वेळा सांगितलं, रोखू नका. मला पाठ होतं. पण मानेजवळ हात लागला आणि माझं तोंड आपोआप मिटलं. मी मनात आकडे मोजत होते, आई. वीसच्या पुढे गेले होते."

एकवीस वर्षांत जे बोलायला हवं होतं ते मी तेव्हा बोलले. म्हटलं, "माझं चुकलं. तुझं डोकं मी तीसपर्यंत दाबून धरलं होतं. दहा जास्त. रागाने." तिला ते माहीत नव्हतं. तिला वाटत होतं की सगळ्याच पोरींना मी तेवढंच धरायचे. ती समोरच्या माडांकडे तोंड करून रडली, मोठ्याने, नऊ वर्षांच्या पोरीसारखी. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

उठून आत जाताना ती म्हणाली, "तू माझ्यामागे आलीस, तेही मी बघितलं. पोरगी देते. पण मानेवर हात ठेवलास की संपलं."

"नाही ठेवणार," मी म्हटलं. आईच्या आणि देवाच्या शपथा घेतल्या. एवढी साधी गोष्ट, त्यात काय कठीण होतं.

मे महिन्यात आम्ही तिघी तलावावर गेलो. मी पाण्यात उतरले, नातीला कमरेला धरून उतरवलं. मुलगी काठावर, चपला हातात घेऊन. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तोंड पाण्यात घाल आणि बुडबुडे सोड." मालवणहून हे शिकून आले होते. पुण्यात आता मी श्वास सोडायला शिकवणार होते, एवढी मी बदलले होते. नात म्हणाली, "नको." मी समजावलं. ती म्हणाली, "नको ना आजी." मी स्वतः करून दाखवलं. ती हसली, पाणी उडवलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "मी नाही घालणार."

शेजारच्या रांगेतली एक पोरगी आमच्याकडे बघून खुदकन हसली.

माझा उजवा हात नातीच्या मानेवर होता. कधी गेला ते मला ठाऊक नाही. देवाशप्पथ ठाऊक नाही. मान ओली होती, बारीक होती, माझ्या बोटांत मावत होती, आणि डावा हात आधीच पोटाखाली गेला होता. मला राग आलेला नव्हता. आला असता तर निदान तसं सांगता तरी आलं असतं.

मी वर बघितलं. मुलगी काठावर उभी होती. ती ओरडली नाही, पुढे आली नाही. तिने फक्त आपला हात पोटावर नेला, जिथे मालवणला तो डाग पडला होता तिथे, आणि दाबून धरला.

नात माझ्याकडे बघत होती. तिने तोंड मिटलं होतं. गाल फुगलेले.

"सोड श्वास," मी म्हटलं. "सोड, बाळा. काही होत नाही." मी दोन्ही हात पाण्याबाहेर काढले आणि वर धरले. तिने फूस करून श्वास सोडला.

"आजी, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही. माझं."

मी तिला पायऱ्यांपाशी नेलं, तिच्या आईच्या हातात दिलं आणि कार्यालयात जाऊन सांगितलं की या मुलीला दुसऱ्या कुणाकडे घाला. तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही असताना?" मी म्हटलं, "मी असताना म्हणूनच."

घरी जाताना रिक्षात मुलीने माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि नारायण पेठ येईपर्यंत धरून ठेवला. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

नातीला एका हडकुळ्या, हळू आवाजात बोलणाऱ्या बाईंनी शिकवलं. माझ्या हिशेबाने चार दिवसांत व्हायचं, त्याला सव्वा महिना लागला. ती आता सुसाट पोहते, आणि तिच्या मागे बुडबुड्यांची रांग जाते. मी काठावर टॉवेल धरून बसते.